नखं काढलेलं मांजर आणि रहमतचा महिना

रमजानच्या तीस दिवसांचे तीन भाग मानले जातात. त्यातला पहिला दहा दिवसांचा ‘अशरा’ रहमतचा, म्हणजे दयेचा. दया म्हटलं की जकात आठवते, फितरा आठवतो, शेजारच्या गरजू घरी पोचवलेला शिधा आठवतो. पण इस्लाममध्ये रहमतचं वर्तुळ माणसापाशी थांबत नाही. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या, त्या सहाबींना आपण हजरत अबू हुरैरा म्हणतो. हे त्यांचं टोपणनाव. अर्थ ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’. मांजराला कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईला त्या एका कृत्यापायी जहन्नमची शिक्षा झाली, ही हदीस बहुतेक मुस्लिम घरांत मुलांना सांगितली जाते. जिवंत प्राण्याचे अवयव तोडणाऱ्यावर पैगंबर साहेबांनी लानत केल्याचंही हदीसमध्ये आहे.

हे सगळं यंदा आठवण्याचं कारण वर्गातला एक प्रश्न. आपल्या परभणीतही आता लांब केसांची पर्शियन मांजरं पाळणारी घरं दिसू लागली आहेत. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, आमच्या मांजरीची नखं कायमची काढून मिळतात का? अम्मी म्हणते, ईदला पाहुणे येणार, सोफा तर पार फाडून ठेवलाय. नखं काढा, नाहीतर मांजर सोडून या.”

पोरीच्या मनात क्रूरपणा नव्हता. तिला वाटत होतं, नखं काढणं म्हणजे केस कापण्यासारखंच काहीतरी. अमेरिकेतही पिढ्यान्‌पिढ्या लोकांना असंच वाटत आलं. प्रत्यक्षात मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून नखासकट ते हाडच कापावं लागतं. आपल्या प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर सांध्यातून छाटावं, तसं. पुढच्या दोन पायांची मिळून अशी दहा बोटं. शिवाय मांजर आपल्यासारखं टाच टेकवून चालत नाही, बोटांवर चालतं. म्हणजे जखम नेमकी तिथेच, जिथे सगळा भार पडतो.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. तिने तिथल्या निवारागृहातून आणलेली मांजर अशीच, पुढची नखं काढलेली. आधीच्या मालकाने सोडलेली. कारण काय, तर ती ठरलेल्या जागी शी-शू करत नाही आणि चावते. बाजीने डॉक्टरांना दाखवलं तेव्हा उलगडा झाला. मातीच्या ट्रेमधले टोकदार खडे दुखऱ्या पंजांना टोचत होते, म्हणून ती गादीवर जायची. आणि नखं गेल्यावर स्वतःला वाचवायला तिच्याकडे दातांशिवाय उरलं काय? सोफा वाचवायला नखं काढली, आणि पुढे त्याच कारणांनी मांजरही घराबाहेर गेली.

बाजीने मग काय केलं? ट्रेमध्ये कागदापासून बनवलेलं मऊ लिटर टाकलं. उंच उडी मारावी लागू नये म्हणून पलंगाशी चौरंगासारखं बुटकं स्टूल ठेवलं. डॉक्टरांनी पंजांचा एक्स-रे काढून हाडाचा तुकडा मागे राहिला नाही ना हे पाहिलं, दुखण्यावर औषध दिलं. मुलांना ताकीद दिली, झोपेत असताना तिला उचलायचं नाही, पंजे दाबायचे नाहीत. आणि घराचं दार नेहमी बंद, कारण अशा मांजराला कुत्र्यापासून पळून झाडावर चढता येत नाही. काही महिन्यांनी तिचं चावणं जवळजवळ थांबलं. आता सहरीला बाजीच्या शेजारी बसून असते म्हणे. पण कापलेलं पेर काही परत येत नाही.

जग हळूहळू शहाणं होतं आहे. कॅलिफोर्नियातल्या वेस्ट हॉलिवूड शहराने २००३ मध्ये ही शस्त्रक्रिया बंद केली, इस्रायलने २०११ मध्ये. २०१९ मध्ये न्यूयॉर्क ही बंदी आणणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ प्राण्याला अपंग करायला मनाई करतं. गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, वेसण अशा काही गोष्टींना त्यात ठरलेल्या पद्धतीने सूट आहे. मांजराची नखं त्या यादीत नाहीत.

मग सोफ्याचं काय? मांजर खोडी म्हणून ओरबाडत नाही. नखावरचं जुनं आवरण निघावं, अंग ताणलं जावं, आपला वास त्या जागी राहावा, यासाठी ओरबाडतं. त्याला तशी जागा द्या. हलणार नाही असा लाकडी खांब घ्या, मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतका उंच. त्यावर सुतळी घट्ट गुंडाळा किंवा पोत्याचं गोणपाट ठोका, आणि तो सोफ्याजवळच ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोकं कापा; आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तिथे कात्री लावू नका. जमत नसेल तर परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. ही सोय आपल्या दाराशी आहे.

महिना रोजांचा आहे, म्हणून आणखी थोडं. इफ्तारचा उरलेला कांदा-लसणाचा सालन मांजराला घालू नका, कांदा त्याच्या रक्ताला घातक असतो. शिजवलेली हाडंही नकोत, ती घशात अडकतात. लंगडतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, तिने मांजराचा जीव जातो. उन्हाच्या दिवसांत पाण्याचं भांडं सावलीत भरून ठेवा.

हजरत अबू कतादा वजूच्या पाण्याचं भांडं मांजराला पिता यावं म्हणून तिरकं धरून थांबले होते, अशी हदीस आहे. आमच्याकडे ही गोष्ट, तर हिंदू घरांत षष्ठीदेवीचं वाहन म्हणून मांजराला मान. ज्याला आपण घरात घेतलं, ते आपल्याकडे अमानत असतं, आणि अमानत जशी मिळाली तशी पूर्ण सांभाळायची असते. नखांसकट.