गर्भाशयातील फायब्रॉइड

गर्भाशयातील फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या भित्तिकेतील स्नायूपेशी आणि तंतुमय ऊतींपासून तयार होणाऱ्या गाठी होत. बोलीभाषेत या विकाराला 'पिशवीला गाठ होणे' असे म्हणतात. या गाठी सौम्य स्वरूपाच्या असतात; त्यांत कर्करोग आढळणे अत्यंत विरळ आहे. प्रजननक्षम वयातील, विशेषतः तिशी-चाळिशीतील स्त्रियांमध्ये त्या सर्रास आढळतात. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांमुळे त्यांची वाढ होते, तर रजोनिवृत्तीनंतर त्या बहुधा आकसतात.

प्रकार

गर्भाशयाच्या पोकळीकडे वाढणाऱ्या, भित्तिकेच्या आत राहणाऱ्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाकडे वाढणाऱ्या असे गाठींचे तीन मुख्य प्रकार मानले जातात. पोकळीतील लहान गाठीमुळेही पुष्कळ रक्तस्राव होऊ शकतो. उलट बाहेरच्या बाजूची मोठी गाठ दीर्घकाळ लक्षात येत नाही.

लक्षणे

अनेक स्त्रियांना कोणताही त्रास होत नाही. इतरांमध्ये पुढील लक्षणे दिसतात :

* पाळीत अतिरिक्त रक्तस्राव ('अंगावरून जास्त जाणे'), रक्ताच्या गुठळ्या, पाळी सात दिवसांहून अधिक लांबणे
* रक्तक्षयामुळे थकवा, धाप व चक्कर
* ओटीपोटात जडपणा किंवा वेदना
* मूत्राशयावर दाब पडून वारंवार लघवीला होणे, बद्धकोष्ठता
* काही स्त्रियांमध्ये वंध्यत्व किंवा गर्भपात

रजोनिवृत्तीनंतर होणाऱ्या रक्तस्रावाची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

निदान

अंतर्गत तपासणी आणि सोनोग्राफी यांद्वारे बहुतेक वेळा निदान होते. पोकळीतील गाठींसाठी दुर्बिणीने तपासणी, तर गुंतागुंतीच्या गाठींसाठी एमआरआय करतात. रक्तस्राव अधिक असल्यास हिमोग्लोबिन तपासले जाते.

उपचार

उपचारांची निवड लक्षणांची तीव्रता, गाठींचे स्थान व आकार, स्त्रीचे वय आणि अपत्याची इच्छा यांवर अवलंबून असते. त्रास नसल्यास केवळ नियमित तपासणी पुरेशी ठरते.

''औषधोपचार'' : ट्रॅनेक्झॅमिक आम्ल व वेदनाशामके रक्तस्राव कमी करतात. गर्भनिरोधक गोळ्या आणि संप्रेरकयुक्त गर्भाशयी साधन हेही उपयुक्त ठरतात. लोहाच्या गोळ्यांनी रक्तक्षय भरून काढता येतो. जीएनआरएच गटातील औषधांनी गाठी तात्पुरत्या लहान होतात. शस्त्रक्रियेपूर्वी काही महिने ती दिली जातात.

''गर्भाशय राखणारे उपचार'' : मायोमेक्टॉमी या शस्त्रक्रियेत केवळ गाठी काढतात; मात्र नव्या गाठी उद्भवू शकतात. ब्रिटिश शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. गर्भाशयाच्या रोहिणीतील रक्तपुरवठा बंद करून गाठी आकसवण्याच्या पद्धतीचा फायब्रॉइडवरील वापर १९९५ साली फ्रान्समधील जाक राविना यांनी प्रसिद्ध केला.

''गर्भाशय काढणे'' : या शस्त्रक्रियेने पाळी व फायब्रॉइडचा त्रास कायमचा थांबतो, परंतु त्यानंतर गर्भधारणा शक्य नसते. सोबत बीजांडेही काढल्यास तत्काळ रजोनिवृत्ती येते आणि तरुण वयात हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. गाठ आहे एवढ्याच कारणास्तव ही शस्त्रक्रिया आवश्यक ठरत नाही.

महाराष्ट्रातील प्रश्न

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांमध्ये गर्भाशय काढण्याचे मोठे प्रमाण २०१९ मध्ये चर्चेत आले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यांतील अनेक जणी चाळिशीच्या आतील होत्या. पाळीच्या तक्रारींवर अन्य उपचार न मिळणे, कर्करोगाची भीती आणि कामाच्या खाड्याबद्दल मुकादमाकडून होणारी दंडवसुली ही कारणे पुढे आली. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश राज्यांना दिले.