बाळंतिणीची मुशी आणि पारा

गिऱ्हाईक विचारतंय, "तापीच्या तोंडावर कारखाने, मासळीत पारा नाही ना?" चिडू नका. जपानच्या मिनामातात १९५६ साली पाऱ्याचा आजार उघड झाला, त्यात कोळ्यांची घरंच पहिली सापडली. रोज मासळी खाणारे तेच होते.

पारा मांसात मुरतो; धुऊन, तळून, खारवून जात नाही. छोट्याला मोठा खातो तसा साठत जातो. म्हणून मोठ्या मुशीत जास्त, मांदेली-कोलंबीत कमी. आणि आपण दूध यावं म्हणून बाळंतिणीला मुशीच देतो! पोटुशी, बाळंतीण, लहान पोरं यांना मोठी मुशी देऊ नका, मांदेली द्या. चिंबोरी-माकूलच्या पोटात कॅडमियम बसतं, ते काढून टाका.

सोसायटी नमुने तपासायला देणार आहे. बोटवाल्यांनो, मोठी मुशी लागली तर अर्धा किलो बर्फात ठेवा, कुठल्या पाण्यातली तेही कळवा.