पाण्यावाटे येणारा डिंक्या

पावसाळा सरता सरता वरूड-मोर्शीकडच्या एका संत्राबागेत गेले होते. जमिनीलगत खोडावर मधाच्या रंगाचे थेंब गोठलेले होते. बागमालकाने चाकूच्या टोकाने साल खरवडली, तर आतला भाग तपकिरी, कुजका. वर शेंड्याकडची पाने मात्र अजून नुकती कुठे पिवळी पडत होती. विदर्भात या रोगाला ‘डिंक्या’ म्हणतात.

डिंक्या घडवणारा जीव म्हणजे फायटोफ्थोरा. अँटन डी बॅरी या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘वनस्पतींचा संहारक’. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणला तो याच कुळातल्या एका जातीने. दुसऱ्या एका जातीने ऑस्ट्रेलियातली जाराची जंगले वाळवली, आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीवरचा कोळेरोगही याच कुळातला.

दिसायला हा बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असते आणि नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी. मातीत पाणी साचले की त्याचे दोन शेपट्यांचे चल बीजाणू पोहत तंतुमुळांपर्यंत जातात. मुळे कुजतात, कधी खोडाची साल सडते. पाणी ओसरले तरी जाड भिंतीचे बीजाणू मातीत तग धरून राहतात.

भारी काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात मोकाट पाणी दिले, तर एका झाडाचा रोग सऱ्यांतून पुढच्या झाडांना जातो. नागपुरी संत्र्याची कलमे बहुतेक जंबेरीच्या खुंटावर बांधलेली असतात आणि जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते. रंगपूर लिंबू त्यापेक्षा सोशीक. त्यातून कलमाचा जोड मातीत गाडला गेला, तर संत्र्याची नाजूक साल थेट ओल्या मातीला भिडते. रोपवाटिकेतली माती दूषित असेल, तर रोग कलमासोबतच बागेत येतो.

औषधे आहेत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचा बोर्डो मलम पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला लावतात. फोसेटिल किंवा मेटॅलॅक्झिलचाही उपयोग होतो. पण पाणी साचतच राहिले, तर औषधाचा खर्च वाया जातो. पाण्याला निचरा हवा, चर हवेत. आळे दुहेरी करावे, म्हणजे पाणी खोडाला न लागता बाहेरच्या कड्यात मुळांना मिळते.

संत्र्याचे झाड पहिली फळे द्यायलाच पाच-सहा वर्षे घेते. एवढी वर्षे वाट पाहणाऱ्या घराला डोळ्यांसमोर झाड वाळताना पाहावे लागू नये, असे मनापासून वाटते. म्हणून लागवडीच्या दिवशी प्रत्येक कलमापाशी खाली बसावे, माती हाताने सारावी आणि जोड वीतभर वर आहे ना, ते पाहावे. पुढची बरीच लढाई तिथेच जिंकली जाते.