खाण तशी माती?

खाण तशी माती, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. जन्माने जे मिळाले त्यापुढे परिस्थितीचे काही चालत नाही, हा त्यातला आशय. माणसाच्या बाबतीत हा आशय किती घातक ठरला, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण रानातली झाडेसुद्धा या म्हणीला दाद देत नाहीत, हे मात्र सांगितले पाहिजे.

लिनेरिया या रानफुलाच्या एका विचित्र प्रकाराचे वर्णन स्वीडनच्या लिनियस यांनी १७४४ मध्ये केले. नेहमीच्या फुलाला डावे-उजवे असते. हे मात्र चहूबाजूंनी सारखे. त्याला त्यांनी 'पेलोरिया', म्हणजे राक्षस, असे नाव दिले. त्याचे कोडे उलगडले १९९९ मध्ये. दोष जनुकाच्या अक्षरांत नव्हता. फुलाचा आकार ठरवणाऱ्या जनुकावर मिथाइलच्या रासायनिक खुणा बसल्या होत्या आणि त्यामुळे ते जनुक मुके झाले होते. हे मुकेपण पुढच्या पिढीतही जात होते, क्वचित आपोआप सुटतही होते. अशा बदलांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

मग या खुणांवर परिस्थितीचा हात असतो का? ब्राझीलच्या किनाऱ्यावर एकाच जातीची तिवराची झाडे नदीकाठी उंच वाढतात, खारट दलदलीत खुजी राहतात. २०१० च्या अभ्यासात दोन्हीकडच्या झाडांच्या जनुकांत फारसा फरक आढळला नाही. खुणांत मात्र मोठा फरक आढळला. अर्थात एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. म्हणून त्याच वर्षीचा डँडेलियनवरील प्रयोग महत्त्वाचा. त्यातील रोपे परागीभवनाशिवाय बी धरणारी, म्हणजे सर्वांचा जनुकसंच एकच. त्यांना अन्नद्रव्यांची टंचाई, क्षार, कीड-रोगाचा भास देणारी रसायने असे ताण दिले. खुणा बदलल्या. पुढची पिढी ताणाशिवाय वाढवली, तरी त्यातल्या बहुतेक खुणा टिकून होत्या.

येथे सावध राहिले पाहिजे. उद्या कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षा भोगलेल्यांच्या रक्तातच ती उतरली आहे. हा जुनाच शिक्का नव्या शाईने मारणे होईल. सस्तन प्राण्यांत अशा बहुतेक खुणा प्रजननाच्या वेळी पुसल्या जातात. वनस्पतींचा नियम माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

झाडांकडून घ्यायचा धडा एवढाच, की खुजेपण पाहून बीजाला दोष देण्याची घाई करू नये. आधी ते कोणत्या मातीत उभे आहे, ते पाहावे. माती बदलणे माणसाच्या हातात असते.