जिवाणूंच्या ‘चुकां’त दडले प्रतिजैविकांच्या पराभवाचे गमक

बेंगळुरू : पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला. त्याला शंभर वर्षे होण्याआधीच प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू जगभरातील रुग्णालयांपुढे मोठे आव्हान बनले आहेत. अशा जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ मध्ये जगात थेट १२ लाख ७० हजार जणांचा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. औषधाचा मारा होत असतानाही जिवाणू तग कसा धरतात, या प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील (एनसीबीएस) शास्त्रज्ञ डॉ. दीपा आगाशे करीत आहेत. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या आगाशे यांनी पुढे अमेरिकेत पीएच.डी. मिळवली.

सदोष प्रथिनांचा फायदा

पेशी जनुकांतील माहिती वाचून प्रथिने तयार करते. या प्रक्रियेत चूक झाली की सदोष प्रथिन तयार होते. अशा चुका पेशीला सहसा मारक ठरतात. मात्र, आगाशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ई. कोलाय’ या जिवाणूवर केलेल्या आणि २०२० मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून वेगळे चित्र समोर आले.

सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या डीएनएला इजा करते. ही इजा भरून काढण्यासाठी जिवाणूकडे ‘एसओएस’ नावाची आणीबाणीची यंत्रणा असते. प्रथिनांमध्ये अधिक चुका करणाऱ्या पेशींत ती लवकर जागी होते. त्यामुळे औषधाच्या माऱ्यातून अधिक पेशी वाचतात. जितक्या अधिक पेशी वाचतील, तितकी त्यांतील एखादीत औषधाला दाद न देणारा जनुकीय बदल होण्याची शक्यता वाढते. म्हणजेच या चुका स्वतः प्रतिरोध निर्माण करीत नाहीत, तर तो निर्माण होण्यासाठी लागणारी उसंत मिळवून देतात.

बदलांची दिशाही महत्त्वाची

जनुकीय बदल, अर्थात उत्परिवर्तने, योगायोगाने होत असली तरी सर्व प्रकारचे बदल सारख्या प्रमाणात होत नाहीत. प्रत्येक जिवाणूचा काही विशिष्ट बदलांकडे कल असतो. डीएनए दुरुस्त करणारे एक जनुक काढून टाकल्यावर ‘ई. कोलाय’चा हा कल पालटतो आणि त्याला उपयुक्त बदल अधिक प्रमाणात गवसतात, असे आगाशे यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवून दिले. नेहमीच्या वाटेवरील बहुतेक लाभ पूर्वीच पदरात पडलेले असतात. न चोखाळलेल्या वाटेवर मात्र नवे लाभ शिल्लक असतात, असा त्याचा अर्थ. दुरुस्ती यंत्रणा बिघडलेले जिवाणू फुप्फुसांच्या दीर्घकालीन संसर्गाच्या रुग्णांतही आढळतात. म्हणूनच हा निष्कर्ष प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहत नाही.

कीटकांच्या पोटातील सोबती

सर्वच जिवाणू शत्रू नसतात. पिठात आढळणाऱ्या तांबूस भुंगेऱ्याला आतड्यातील जिवाणू प्रामुख्याने पिठातूनच मिळतात. ते नष्ट केल्यास भुंगेऱ्याची प्रजननक्षमता घटते आणि पुन्हा मिळाल्यास सुधारते, असे याच प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसून आले. याउलट, फुलपाखरांच्या दोन प्रजातींच्या सुरवंटांमधील जिवाणू कमी केले, तरी त्यांच्या वाढीवर वा जगण्यावर परिणाम झाला नाही. कीटक आणि जिवाणू यांचे सहजीवन म्हणजे प्रत्येक वेळी परस्परावलंबन नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. प्रतिजैविक मात्र उपयुक्त आणि अपायकारक असा भेद करीत नाही. त्याच्या कक्षेत येणाऱ्या दोन्ही प्रकारच्या जिवाणूंवर ते आघात करते.

या संशोधनातून लगेच नवे औषध हाती येणार नाही. तथापि, प्रतिरोध कोणत्या मार्गाने उद्भवतो हे कळले, तर तो मार्ग रोखण्याचे उपाय शोधणे शक्य होईल. तोवर उपलब्ध औषधे जपून वापरणे हाच मोठा आधार आहे. देशात २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मधील प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दी-पडशावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. तरीही ती घेतल्यास शरीरातील इतर जिवाणूंना मात्र प्रतिकाराची आयतीच संधी मिळते.