बागकामात इजा कुणाला?

आपल्या वस्तीतले कितीतरी जण कंत्राटदाराकडे बागकामाला जातात. विशीतल्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी गवत कापायचं यंत्र येतं. शिकवत कुणी नाही. म्हणून बोट कापणं, डोळ्यात खडा उडणं तरुणांतच जास्त. पन्नाशीचा गडी जपून असतो. पण तो शिडीवरून पडला तर हाड लवकर जुळत नाही, जीवही जाऊ शकतो. साखर असेल तर पायाची साधी जखमही चिघळते. फांद्या छाटायला त्याला वर चढवू नये, असं आम्हाला वाटतं.

पगारातून ईएसआय कापतात ना? मग दुखणं अंगावर काढू नका. अपघात त्याच दिवशी नोंदवहीत लिहून घ्या. डॉक्टरांनी किमान तीन दिवस काम बंद सांगितलं, तर सुमारे ९० टक्के मजुरी मिळते, नोकरी कालच लागली असली तरी.