गाविलगडची चाल, मेसच्या पॅम्प्लेटला

चिखलदऱ्याला गेलं की गाविलगडावर सेल्फी होतेच. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं हा किल्ला घेतला, पण दक्षिणेच्या कड्यावर डोकं आपटून नाही. तिकडं त्यानं शत्रूचं लक्ष गुंतवलं. खरा मारा स्टीव्हन्सननं उत्तरेकडून केला. त्यासाठी मेळघाटाच्या डोंगरातून तोफा ओढत नेल्या. भक्कम जागा टाळा, कच्ची गाठा, हे चीनच्या सुन त्झूनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच सांगितलेलं.

आता आमच्या अकोल्याच्या दोस्ताकडं या. अमरावतीत नवी मेस, जाहिरातीला पाच हजार, तेही बाबांच्या सोयाबीनचे. पठ्ठ्याला राजकमल चौकात होर्डिंग पाहिजे! अरे भाऊ, तिथं ज्वेलर्स आणि मोठे क्लासेस बसलेत. सगळा पैसा एका फळीवर जाणार, अन् ती पाहून जेवायला कोण आलं हे कळणारही नाही.

मग थोडीशीच पॅम्प्लेटं छापली. हिरवी गाडगेनगरात पेपरमध्ये टाकली, पिवळी विद्यापीठाच्या गेटवर हातात दिली. कागद आणा, पहिलं जेवण अर्ध्या किमतीत. सुन त्झूच्या ग्रंथाचं शेवटचं, तेरावं प्रकरण हेरांवर आहे. आमचे हेर म्हणजे हे रंग.

आठवडाभरात गल्ल्याजवळ पिवळा गठ्ठा साचला. हिरवे मोजून चार! हॉस्टेलच्या पोरांकडं पेपर येतोच कुठं? (हे पेपरातच लिहितेय, संपादक सर माफ करा.) उरलेले पैसे गेटवरच लावले.

राजकमलवरून जाताना तो अजून वर बघतो.